पंखावरची सीट

चिकलठाण्याहून मुंबईचं विमान असलं की लोक खिडकी मागतात आणि वर सांगतात, पंखावरची नको, खालचं काही दिसत नाही. मला तीच लागते. खालची ढेकळं नाहीतर कापूस एसटीतूनही दिसतो की! खरा खेळ पंखावर चालतो.

मागे येताना शेजारी जालन्याचे एक काका होते, पहिल्यांदाच विमानात बसलेले. उतरायच्या आधी घुर्रर्र आवाज झाला, पंखाची मागची कड बाहेर सरकत खाली वाकली. काकांनी माझा हातच धरला, "बाळा, पत्रा निघायलाय का काय रे त्यो?" म्हटलं नाही काका, ते फ्लॅप आहेत, मुद्दाम काढलेत. "नीट उडायलंय तर काढायलेत कशाला?"

प्रश्न एकदम करेक्ट. वर जोरात जाताना पंख सडपातळच बरा, पण उतरायचं तर वेग कमी करावा लागतो, जेट विमान टेकताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास येतं, आणि गोची अशी की बाकी सगळं तेच ठेवून वेग निम्मा केला की पंखाची उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा जोर, पावपटच उरते. नाक वर करून थोडंफार भागतं, पण फार केलं तर हवा पंखाची पाठ सोडते आणि विमान खाली यायला लागतं, तो स्टॉल. मग पंखच रुंद आणि वाकडा करायचा. हे मागे सरकणारे फ्लॅप 1920च्या दशकात हार्लन फाउलर नावाच्या अमेरिकन माणसानं काढले. पुढच्या कडेला स्लॅट नावाच्या पट्ट्या, त्या सरकल्या की फट पडते, त्यातून जोरकस हवा वर येते आणि पाठीला चिकटून राहते. ही फट ब्रिटनमध्ये हँडली पेज आणि जर्मनीत लाखमान, दोघांनी आपापली शोधली. नांगरामागं उतरणारा बगळाही नेमकं हेच करतो, पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्यासारखी थोडी पिसं असतात ती उभी करतो, त्याला कुणी पेटंट दिलं नाही!

शेपटीकडं ट्रिम असतो, पायलटला दांडा सारखा दाबून धरावा लागू नये म्हणून. कामाचा आहे पण खिडकीतून दिसत नाही, म्हणून माझं त्याच्यावर विशेष प्रेम नाही.

माझे लाडके स्पॉयलर. चाकं टेकली रे टेकली की पंखाच्या पाठीवरच्या फळ्या खाडकन उभ्या. उरलीसुरली उचल खलास, सगळं वजन चाकांवर, तेव्हा कुठं ब्रेक नीट धरतात.

काका बघतच राहिले. "म्हंजे इतका वेळ उचल धरून ठेवली आन आता सोडून दिली व्हय?"

"हो, एका झटक्यात."

"आन चढताना?"

म्हटलं चढताना फ्लॅप थोडेच काढतात, जास्त काढले तर हवेची ओढ वाढते आणि… पण तोवर काका बॅग काढायला उठले पण होते.