गणेशखिंड १:१००, नोंद ९ : कमानींनी काढलेला पोक

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, म्हणजे गणेशखिंडीतले जुने गव्हर्नमेंट हाऊस, मी १:१०० या मापात करतो आहे. मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की या मॉडेलच्या दर्शनी बाजूची कमानींची भिंत पूर्ण झाली असून पुढच्या वेळी मनोऱ्याचा वरचा टप्पा दाखवीन. आर्द्रा लागल्यावर तिसऱ्या दिवशी कपाट उघडले, तेव्हा ती ४२ सेंटिमीटरची भिंत फळीवर केळ्यासारखी वळून पडलेली दिसली. पोलादी पट्टी लावून पाहिले तर मध्यभागी सात मिलिमीटरची उचल होती. आपल्या मापात हे सात मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्ष इमारतीत सव्वादोन फुटांहून थोडे अधिक. विद्यापीठाची मुख्य इमारत एवढी वाकली असती, तर आतापर्यंत चौकशी समिती नेमली गेली असती.

या फजितीतला खरा विनोद असा की मूळ वास्तू पावसाळ्यासाठीच उभारलेली आहे. मुंबईच्या गव्हर्नराचे वर्ष तीन ठिकाणी वाटलेले असे: हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी आणि पावसाळा पुण्यात. पुण्याचा मुक्काम आधी दापोडीला असे. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी जिथून पेशव्यांच्या पदरच्या इंग्रज कॅप्टन फोर्डची पलटण निघाली, ते हेच दापोडी. ती जागा सोडून गणेशखिंडीच्या उंचवट्यावर नवे निवासस्थान बांधायचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी ठरवले, १८६४ मध्ये काम सुरू झाले आणि ते १८७१ मध्ये, फ्रियर पदावरून जाऊन चार वर्षे झाल्यावर, संपले. जेम्स ट्रबशॉ याने आराखडा केला तो इटालियन धाटणीचा, इंग्लंडजवळच्या वाइट बेटावरच्या, व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बोर्न हाऊसची छाया असलेला. फरक एवढाच की तिथे मनोरे दोन आहेत आणि आपल्याकडे एक. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीत हे काम काढले गेले. १८६५ मध्ये बाजार कोसळला, पण बांधकाम चालूच राहिले आणि खर्चावरून व्हायची ती टीका झाली. या हौसेपायी गेल्या दीड वर्षात घरात मला जे ऐकावे लागले आहे, त्यानंतर फ्रियरसाहेबांबद्दल माझ्या मनात थोडी सहानुभूती उत्पन्न झाली आहे.

खोल ओसऱ्या आणि कमानींच्या रांगा हा या इमारतीचा प्राण आहे, कारण पावसाची झड आत येऊ नये आणि वारा मात्र खेळता राहावा, अशी ती योजना आहे. जो भाग पावसाला तोंड देण्यासाठी योजला, तोच माझ्या हातून पावसात वाकला.

आता कारणाकडे येतो. मी दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, म्हणजे करडा जाड पुठ्ठा, वापरला होता, हे आपल्याला सहाव्या नोंदीवरून आठवत असेल. कमानी लेझरवर कापून घेतल्या. लेझरवाल्याला मी दोनदा बजावले होते की बोर्डाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, भिंतीच्या लांबीला समांतर ठेवा. त्याने जागा वाचवण्यासाठी तुकडे आडवे बसवले आणि वर सांगितले, की पुठ्ठ्याला कसला आलाय ग्रेन. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो. कागदाचे तंतू ओल शोषतात तेव्हा ते जाडीत फुगतात, लांबीत जवळजवळ वाढत नाहीत. म्हणून बोर्ड ग्रेनला आडवा असा पसरतो. माझ्या भिंतीत ही पसरण नेमकी सर्वांत लांब दिशेत आली. त्यावर मी स्वतःची चूक जोडली ती अशी, की दर्शनी बाजूला दगडी पोत दाखवणारा कागद पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवला, त्यावर रंगाचे तीन हात दिले आणि मागची बाजू कोरी ठेवली. पुढची बाजू रंगाने बंद झाली, मागची उघडी राहिली आणि हवेतली सगळी ओल मागूनच आत शिरली.

हे कळायला मला दोन आठवडे लागले, कारण आधी मी उपाय करत बसलो. पहिल्यांदा मागून कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली, त्याने भिंत सरळ झाली आणि रात्रभरात पुन्हा फिरली. मग दर्शनी बाजू वर ठेवून शब्दकोशाच्या दोन जाड खंडांखाली तीन दिवस दाबली. ती काढली तेव्हा इतकी सरळ होती की मी फोटोही काढला, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोक परत आला. त्यानंतर मागून लाकडी पट्ट्या चिकटवल्या. यावेळी भिंत वाकली नाही, पिळवटली. एका टोकाच्या कमानी आकाशाकडे आणि दुसऱ्या टोकाच्या जमिनीकडे पाहू लागल्या. तो दिवस माझ्या मॉडेलकारकिर्दीतला सर्वांत वाईट होता, असे मी शांतपणे नोंदवून ठेवतो.

शेवटी ती भिंत वर्तमानपत्रात गुंडाळून मामांकडे नेली. मामांनी पिंपरीच्या एका फाउंड्रीत पस्तीस वर्षे पॅटर्नमेकर म्हणून काम केले आहे. साच्याचे लाकूड वाकले की ओतकाम वाया जाते, त्यामुळे वाकणे हा त्यांचा आयुष्यभराचा शत्रू. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंत डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिले आणि म्हणाले, “अरे, एका बाजूला रेनकोट घातलास आणि दुसरी बाजू उघडी पावसात उभी केलीस. वाकणारच ती. जे पुढून करशील ते मागून कर. मागचं कुणाला दिसत नाही, पण लाकडाला कळतं.”

त्यांच्या सांगण्यावरून सगळी भिंत नव्याने रचली. गाभा तीन मिलिमीटरच्या सनबोर्डाचा घेतला, कारण तो पीव्हीसी प्लास्टिकचा असल्याने ओल पीत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना सारख्याच जाडीचे आयव्हरी कार्ड (गुळगुळीत जाड कागद) लावले, दोन्हींचा ग्रेन एकाच दिशेला ठेवला आणि चिकटवायला पाण्याच्या गोंदाऐवजी रबरी गोंद वापरला. त्यावर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पुढून-मागून आणि कमानींच्या आतल्या कडांनाही दोन हात दिले. बाजारात मिळणाऱ्या तयार सीलरपेक्षा घरी केलेली लाख मला अधिक विश्वासाची वाटते. वास दोन दिवस घरात राहतो, पण थर पातळ बसतो आणि पॉलिश पेपरने घासला की आरशासारखा गुळगुळीत होतो.

एक इशारा मात्र ठळकपणे देतो. सनबोर्ड लेझरवर देऊ नये. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो माणसाच्या छातीला वाईट आणि यंत्राच्या धातूलाही गंजवणारा असतो. काही दुकानदार विचारल्यावर खुशाल ‘देऊ की कापून’ म्हणतात. त्यांना आपणच नाही म्हणावे. याचा अर्थ कमानी हाताने कापणे आले, आणि सरळ कड सुरीने जमली तरी अर्धवर्तुळ जमेना. पाते वळणावर अडखळे आणि माथ्यावर एक टोक उभे राही, त्यामुळे इटालियन कमानीचा रूपांतरित गॉथिक अवतार तयार होई.

तोडगा पुन्हा मामांचाच. बोहरी आळीतून बावीस मिलिमीटर व्यासाची पितळी नळी आणली, तिचे एक तोंड आतून कानशीने तासून धारदार केले आणि दुसऱ्या तोंडात लाकडी मूठ ठोकली. सनबोर्ड लाकडी फळीवर ठेवायचा, नळी उभी धरायची, गुण्या लावून ती काटकोनात आहे याची खात्री करायची आणि मग न ठोकता, मनगटाने अर्धा-अर्धा वळसा देत दाबायची. तिसऱ्या वळशाला हाताखालचा विरोध एकदम संपतो आणि आतून गोल चकती टप्पकन बाहेर येते. पहिली स्वच्छ कमान निघाली तेव्हा मी ती चकती खिशात घालून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला दाखवली. तिने ती पाहिली, उलटी करून पाहिली आणि विचारले, “कमान ही आहे की उरलेलं भोक?” प्रश्न रास्त होता.

नवी भिंत गॅलरीत, पत्र्याच्या पागोळ्यांपासून हातभर अंतरावर, पंधरा दिवस ठेवली. पोलादी पट्टीखाली आता साधा कागदही सरकत नाही.

या सगळ्यात एक अनपेक्षित लाभ झाला. आधीची भिंत दोन मिलिमीटरची होती, ही चारला पोचली आहे. त्यामुळे कमानीला आतली बाजू आली, तिच्यात सावली पडू लागली आणि टेबलावरच्या दिव्यात ती रांग प्रथमच घडीव काळ्या दगडाची वाटली. जुन्या रंगाचा तो एकसारखा करडा काढून टाकला आहे. डेक्कन ट्रॅप हा दगड पावसात जवळजवळ काळा आणि उन्हात निळसर राखाडी दिसतो, हे रोज सकाळी आवारात फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी दोन्हींच्या मधला, पाऊस उघडून तासभर झाल्यावरचा रंग धरला आहे.

मनोऱ्याबद्दल थोडक्यात. त्याची उंची ८० फूट, म्हणजे आपल्याकडे २४.४ सेंटिमीटर, आणि ते मी जोत्यापासून मोजले आहेत. यावर सातव्या नोंदीनंतर पुरेशी चर्चा झाली आहे. ज्यांना जमिनीपासून मोजायचे असेल त्यांनी आपले मॉडेल तसे करावे. ध्वजकाठीसाठी सतारीची पोलादी तार वापरली. इतकी सरळ आणि इतकी बारीक दुसरी कोणतीही गोष्ट मला पुण्यात मिळालेली नाही. वाद्यांच्या दुकानदाराने, ‘शिकताय का?’ असे कौतुकाने विचारले, तेव्हा मी त्याची निराशा केली नाही.

आता मुख्य अडचण, जी पोकामुळे पुढे ढकलली गेली होती. मॉडेल कोणत्या सालाचे? सुरुवातीला मी १८७१ म्हटले होते. भिंतीच्या गाभ्यातून आता तारा नेता येतात हे लक्षात आल्यावर मला मोह झाला तो १८९७ चा: २२ जूनची रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, गव्हर्नमेंट हाऊसवर रोषणाई, आणि तिथून परतणाऱ्या बग्ग्या. पिवळट एलईडी मागवलेही होते. पण तो प्रसंग मांडायला बसलो आणि अडलो. त्या रात्री प्लेग समितीचा अध्यक्ष रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या त्या या इमारतीत नव्हेत, तर गणेशखिंडीच्या रस्त्यावर, अंधारात. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. म्हणजे मी फक्त दिवे लावले तर मॉडेलमध्ये उरतो तो प्लेगने आणि घरझडत्यांनी पोळलेल्या शहराच्या वेशीवरचा समारंभ, आणि पुण्याच्या दृष्टीने त्या रात्रीचे जे महत्त्व आहे ते माझ्या पायाफळीच्या बाहेर, आपल्या मापातही कित्येक मीटर लांब राहते. फळी तेवढी लांब केली तर ती दिवाणखान्यातून जिन्यात जाईल. म्हणून रोषणाई रद्द. एलईडी कुणाला गणपतीच्या मखरासाठी हवे असतील तर मूळ किमतीत देईन.

त्याऐवजी आता मी १९४९ कडे वळलो आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, पण कचेरी सुरुवातीला होती भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम अतिथिगृहात, आणि जूनपर्यंत ती तिथेच चालली. त्यानंतर गव्हर्नराच्या मुक्कामाच्या या दालनांत बारा जिल्ह्यांच्या विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. हे स्थलांतर, म्हणजे दगड तोच आणि माणसे निराळी, हेच मला दाखवायचे आहे. ते पुन्हा पावसाच्या तोंडावरच झाले, ही माझ्या भिंतीच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. मापात माणूस पावणेदोन सेंटिमीटरच्या आतबाहेर येतो, तेव्हा कपाट उचलणारे दोन शिपाई आणि फायलींचा गठ्ठा घेतलेला एक कारकून एवढे पुरेल. नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये झाले, त्यामुळे पाटी जुन्या नावाची करावी लागेल.

हे लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट सुचली आहे, आणि ती सांगितली नाही तर मी ती करणार नाही. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळे होते आणि वाढपी साहेबांच्या नजरेस पडू नयेत म्हणून तिथून भुयारी वाट काढलेली होती. मॉडेलची पायाफळी एका बाजूने उभी कापली तर ती वाट छेदात दाखवता येईल: वर हिरवळ, खाली मुरूम, त्याखाली कमानीचे छत. आणि १९४९ मध्ये तिच्यातून ताटे न जाता ती रिकामी असेल. त्यासाठी फळीची जाडी अडीच सेंटिमीटरवरून किमान सहावर न्यावी लागेल, म्हणजे आधी तयार असलेली जोत्याची चौकट उखडावी लागेल. ही चौकट मी मागच्या नोंदीत ‘आता हलणार नाही’ अशा शब्दांत गौरवली होती.

मुरुमासाठी लाकडाचा भुसा रंगवून पाहिला, तो भेळेसारखा दिसतो. विटांची पूड बारीक चाळणीतून काढून गोंदात बसवण्याचा प्रयोग रविवारी करणार आहे. कुणी मातीचा छेद याआधी केला असेल आणि तो पावसात टिकला असेल, तर गोंद कोणता वापरला तेवढे कळवावे. मामांना विचारले होते, ते म्हणाले, “मातीचं मला काही कळत नाही, पण जे वरून लावशील ते खालून पण लाव.”