माळ्यावरचे दिवाळी अंक आणि दहा-बारा पोरं

तालुक्याच्या गावातलं पन्नास-साठ वर्षं जुनं कुठलंही वाचनालय घ्या. माळ्यावर किंवा शेवटच्या कपाटाच्या डोक्यावर सुतळीने आवळलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे बहुतेक सापडतातच. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घराला ही सवय लागली. रद्दीत घालायला जीव होत नाही आणि देवघेवीत ठेवले तर पानं हातात तुटतात, म्हणून अंक माळ्यावर जातात.

या गठ्ठ्यांमधून १४ ते १९ वयाच्या मुलामुलींनी एक छोटं प्रदर्शन उभं करायचं. वाचनालयाला परवडेल असा यापेक्षा चांगला उपक्रम मला तरी माहीत नाही. अट एवढीच की ठरवायचं त्यांनी. टेबलं लावणं आणि पाहुण्यांना पाणी देणं ही कामं पोरं कुठल्याही कार्यक्रमात करतातच, त्याला उपक्रम म्हणायचं कारण नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली मुलांचं संग्रहालय उघडलं, तेव्हा पहिल्या प्रदर्शनाच्या वस्तू मुलांनी निवडल्या होत्या. तेवढ्या मोठ्या संस्थेला ते जमतं, तर ‘क’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या लहान वाचनालयाला जमायला हरकत नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी कार्यकारी मंडळाबरोबर एक पान लिहून सही करून घ्या. विषय, अंकांची निवड आणि मजकूर मुलांकडे. हाताळणी, कुलूप-किल्ली आणि पैसे ग्रंथपालांकडे. मजकुरात मोठ्यांनी फक्त सन, नावं आणि शुद्धलेखन दुरुस्त करायचं, वाक्यं ‘भारदस्त’ करायची नाहीत. हे कागदावर नसेल, तर आदल्या संध्याकाळी कुणीतरी सदस्य येऊन अर्धे अंक बदलतो आणि पोरं पुढच्या वर्षी फिरकत नाहीत.

गट दहा ते बाराचा ठेवा. त्याहून जास्त झाले की निम्मे नुसते बघत उभे राहतात. सहा ते आठ रविवार, दर वेळी दोन तास पुरतात. दहावी-बारावीच्या सराव परीक्षांच्या तारखा आधी विचारून घ्या. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह सोयीचा पडतो. नवे दिवाळी अंक सभासदांना वाचायला द्यायची योजना चालू असल्याने त्या दिवसांत वाचकांची ये-जाही असते.

पहिला रविवार धुळीचा. टेबलावर जुना पांढरा कागद पसरा, एक इंची मऊ ब्रश घ्या, तोंडाला मास्क लावा. पाठीच्या बाजूने बाहेरच्या कडेकडे झाडायचं. ओलं फडकं अजिबात नको. सुतळी ओढून सोडवू नका, कात्रीने कापा, कारण सुतळीने अंकांच्या कडा आधीच कातरलेल्या असतात. हातमोज्यांचा हट्ट धरू नका. सुती मोज्यात पान जाणवत नाही आणि कोपरा फाटतो. साबणाने धुऊन कोरडे केलेले हात बरे.

मधल्या पिना गंजलेल्या असतात आणि पोरांना त्या उपटायची फार घाई असते. उपटल्या की त्याभोवतीचा ठिसूळ कागदही निघून येतो. अंक मधोमध उघडायचा, पिनेच्या वळलेल्या टोकांखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवायची, बोथट चिमट्याने टोकं सरळ करायची आणि मग बाहेरच्या बाजूने पिन काढायची. हे काम ग्रंथपालांनी करावं. बाकीच्यांनी बघावं.

कसर लागलेले अंक लगेच वेगळे काढा. डांबरगोळ्यांनी खोलीला वास येतो, कसर मात्र बहुतेक वेळा तिथेच असते. अशा अंकावर दोन प्लॅस्टिक पिशव्या चढवून हवाबंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवा. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर चालतो, घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा चालत नाही, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईने उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि कसर गेली म्हणावं तर बुरशी येते.

बऱ्याच वाचनालयांनी तीन-चार अंक एकत्र बांधून घेतलेले असतात. बाइंडरने कव्हरं फेकून दिलेली असतात आणि कडा कापताना जाहिरातींची एक ओळही गेलेली असते. असा खंड टेबलावर पूर्ण सपाट उघडला की पाठ मोडते. नव्वद-शंभर अंशांपेक्षा जास्त उघडायचा नाही, दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या द्यायच्या.

आता विषय. ‘जुने दिवाळी अंक’ हा विषय नव्हे, तो गठ्ठ्याचा पत्ता झाला. ‘जाहिरातींतलं स्वयंपाकघर’ हा विषय आहे. ‘राशिभविष्याने काय काय कबूल केलं होतं’ हाही आहे. ‘व्यंगचित्रांतली बायको’ घेतलं तर चर्चा तापेल. तापू द्या, मुलींना त्यावर बोलायचं असतं.

निवडीसाठी चिंचोके वापरा. प्रत्येक अंकासमोर क्रमांकाची चिठ्ठी, प्रत्येकाच्या हातात तीन चिंचोके, ठेवायचे चिठ्ठीवर, अंकावर नाही. मोकळीक दिली तर सगळे चिंचोके कव्हरांवरच्या सुंदर बायकांवर पडतात आणि प्रदर्शनाचं कॅलेंडर होतं. म्हणून दोन चिंचोके आतल्या पानांसाठी राखून ठेवायला सांगा. साठ अंकांतून बारा निवडले की पुरे. लहान खोलीत वीस मांडले तर बघणारा आठव्याला खुर्ची शोधतो.

खरं काम मजकुराच्या पाट्यांचं, आणि अर्धा वेळ तिथेच द्या. पहिला मसुदा हमखास असा येतो: ‘हा अत्यंत दुर्मिळ व मौल्यवान अंक आपल्या समृद्ध साहित्यिक परंपरेचा वारसा आहे.’ ही पाटी कुठल्याही अंकाखाली लावली तरी चालते, म्हणजेच ती कुठेच चालत नाही. लिहिणाऱ्याला अंकासमोर वीस मिनिटं बसवा आणि फक्त दिसतं ते टिपायला लावा. किंमत किती? शाईचा डाग कुठे? शेवटच्या पानावर काय? मग तोच मुलगा असं काहीतरी लिहितो: ‘किंमत दोन रुपये. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तेरा तारखा आहेत, पहिल्या नऊ दोन महिन्यांतल्या. शब्दकोड्याचं पान कुणीतरी पेनाने सोडवलंय, आडवा सातवा शब्द चुकलाय.’ हे वाचायला माणूस वाकतो.

चाळीस ते साठ शब्दांवर पाटी नेऊ नका. अक्षर २४ पॉइंट, आणि ओळींतलं अंतर दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ‘मुक्ता’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात. दुसऱ्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत, ज्येष्ठ वाचकांच्या ते लगेच लक्षात येतं. छपाईवाल्याला वर्डची फाइल कधीही देऊ नका. त्याच्याकडे तो फॉन्ट नसला की दुसरा बसतो, ओळी सरकतात आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. पीडीएफ द्या आणि दुकानात उभं राहून एक पान तपासा. पाटी चिकटवायचा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा) ५ मिमीचा घ्या, ३ मिमीचा आठवड्यात वाकतो. पाटीचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरच्या आसपास. शाळेची लहान मुलं येणार असतील तर वीसेक सेंटिमीटर खाली घ्या.

अंक मांडताना सेलोटेप नको, पुढे त्याचा पिवळा चिकट पट्टा कायमचा उरतो. लॅमिनेशन तर नकोच नको. ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक प्लॅस्टिक शीटच्या एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, पानाभोवती सैल गुंडाळा आणि टोकं मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा, म्हणजे चिकट भाग कागदाला लागत नाही. बारा अंकांना दोन शीट पुरतात.

उजेडाचं गणित मुलांनाच करू द्या, त्यांना ते आवडतं. लक्स हे उजेड मोजायचं माप. कागदासाठी संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. मोबाइलवरचं लक्समीटर अंदाजापुरतं ठीक आहे. रोज आठ तास, पंधरा दिवस धरले तर सहा हजार लक्स-तास होतात. थेट उन्हात हा वाटा अर्ध्या तासाच्या आत संपतो. मग खिडकीजवळचं टेबल कुणी मागत नाही.

जुन्या नोंदवहीतून कोण काय वाचायचं हे दाखवण्याचा मोह होतो. सभासदांची नावं झाका. कुणी काय वाचलं ही त्या घराची खासगी बाब आहे. अंक मांडायला अडचण नसते, पण कव्हराची मोठी प्रत काढायची किंवा ती इंटरनेटवर टाकायची, तर चित्रकाराचा हक्क बघावा लागतो. आपल्या कायद्यात तो मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे. मुलांनी हक्कदारांना परवानगीचं पत्र लिहावं. उत्तर येईपर्यंत फोटो गटातच राहू द्यावेत.

क्यूआर कोड लावणार असाल तर तीन सेंटिमीटरपेक्षा लहान नको. फुकट संकेतस्थळांवरचे ‘बदलता येणारे’ कोड काही दिवसांनी बंद पडतात आणि पैसे मागतात. स्थिर कोड घ्या.

उद्घाटनाचं काय करायचं ते मंडळ बघेलच. फक्त समई खोलीबाहेर, दाराशी. आणि चेहऱ्यांचा फ्लेक्स लागणारच असेल, तर तोही बाहेर. आत माहिती सांगायला मुलं, दोन-दोन जणांची पाळी, एका तासाच्या वर नाही. पाठ केलेलं बोलू नये म्हणून प्रत्येकाने एकच अंक निवडावा आणि बघणाऱ्याला आधी प्रश्न विचारावा: तुमच्या घरी कोणता अंक यायचा? साठीच्या पुढचे लोक मग अर्धा तास हलत नाहीत. त्यांचं बोलणं फोनवर घ्यायचं असेल तर आधी परवानगी, फोन विमान मोडवर, पंखा बंद. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमधून नंतर निघत नाही.

आवरताना अंक पुन्हा सुतळीत जाऊ देऊ नका. पांढऱ्या सुती नाडीने, आडवे, दहा-दहाच्या थप्पीत बांधा आणि वर यादीची एक प्रत ठेवा. बरेचसे अंक दाखल नोंदवहीत कधी चढलेलेच नसतात. मुलांनी तयार केलेली साठ अंकांची यादी ग्रंथपालांनी त्याच आठवड्यात वहीत उतरवून घ्यावी. शेऱ्याच्या रकान्यात कव्हर आहे की नाही तेही लिहावं.