सायटेशनचा आकडा आणि त्यामागचे वाक्य

एखाद्या सैद्धांतिक किंवा असेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या कामाचा आढावा घ्यायचा असला, की माझ्यासमोर आधी आकडे येतात: एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ), आणि एच-इंडेक्स, म्हणजे किमान तितकीच सायटेशन मिळालेल्या निबंधांची संख्या. ते मी पाहते; परंतु त्या कामाचा उल्लेख करणारे दहा-बारा निबंध उघडून तो उल्लेख नेमक्या कोणत्या वाक्यात आला आहे, हे वाचल्याशिवाय मत बनवत नाही. या विषयात साधने घडवणारे आणि कल्पना मांडणारे एकाच यादीत बसतात, आणि नुसत्या आकड्यावरून त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही.

साधनांचा हिशेब तुलनेने सरळ आहे. शॅनन यांनी १९७६ साली आयनांच्या त्रिज्यांचा सुधारित तक्ता प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक आयनाची त्रिज्या प्रभार, समन्वयांक (भोवतालच्या शेजारी अणूंची संख्या) आणि काही धातूंच्या बाबतीत स्पिन-अवस्थेनुसार दिलेली असल्यामुळे सिरॅमिक्सपासून बॅटरीपर्यंत कोणताही घनपदार्थ बनवणारा संशोधक आजही तो तक्ता उघडतो आणि त्याचा संदर्भ देतो. शेल्ड्रिक यांच्या २००८ सालच्या निबंधाचे उदाहरण तर विलक्षण आहे. शेल्एक्स ही स्फटिकरचना ठरवण्याची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी सर्वसाधारण संदर्भ म्हणून हा निबंध द्यावा, अशी सूचना त्याच्या गोषवाऱ्यातच होती. संशोधकांनी ती इतकी पाळली, की तो छापणाऱ्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (तिथल्या निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी) सुमारे २ वरून २००९ साली जवळजवळ ५० वर गेला. रेणूंतील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढण्याची सूत्रे देणारा बेक यांचा १९८८ सालचा निबंध आणि त्याच वर्षीचा ली, यांग व पार यांचा निबंध हेही असेच, गणनापद्धतीचे वर्णन करणाऱ्या एका ओळीत हजारो वेळा येणारे. ही कामे मोठी आहेत यात मला शंका नाही. मात्र तिथला उल्लेख ‘हे वापरले’ एवढेच सांगतो.

रोआल्ड हॉफमन यांची यादी वाचताना वेगळा अनुभव येतो. पाचशेहून अधिक निबंध लिहिणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९६३ साली रेणूंतील कक्षकांची, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे असतात त्या जागांची, अंदाजे गणना करणारी विस्तारित ह्युकेल पद्धत मांडली. तिची संख्यात्मक अचूकता बेताचीच होती, पण कक्षकांची सममिती आणि त्यांच्या ऊर्जांचा क्रम ती स्पष्ट दाखवत असे. १९६५ साली सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांच्यासह लिहिलेल्या पाच लहान निबंधांतून अभिक्रियांचे सममिती-नियम आले; कोणती अभिक्रिया सहज घडेल हे ते कक्षकांच्या सममितीवरून सांगतात. त्यानंतर हॉफमन धातूंच्या संयुगांकडे वळले, आणि मला त्यांचे सर्वांत प्रिय असलेले काम तिथले आहे. मिथाइल गटाकडे बंध जोडण्यासाठी एक कक्षक आणि त्यात एक इलेक्ट्रॉन असतो. मँगनीजला पाच कार्बोनिल (कार्बन मोनॉक्साइडचे रेणू) जोडलेल्या तुकड्याकडेही साधारण त्याच आकाराचा एक कक्षक आणि एक इलेक्ट्रॉन असतो. दोन मिथाइल जोडले की इथेन होते, दोन मँगनीज-तुकडे जोडले की डायमँगनीज डेकाकार्बोनिल होते, आणि दोन्हींपैकी एकेक घेतला तर मिथाइल मँगनीज पेंटाकार्बोनिल मिळते. ही तिन्ही संयुगे प्रत्यक्षात आहेत. ‘आयसोलोबल’ नावाचे हे साम्य हॉफमन यांनी १९८१ च्या नोबेल व्याख्यानात मध्यवर्ती ठेवले. याच साम्यावरून ब्रिस्टलमध्ये रसायनशास्त्रज्ञ गॉर्डन स्टोन यांनी टंगस्टन आणि कार्बन यांच्यातील तिहेरी बंध असलेली संयुगे अल्काइनसारखी (दोन कार्बनांमध्ये तिहेरी बंध असलेल्या संयुगांसारखी) वागतील असे धरून त्यांच्यापासून वेगवेगळ्या धातूंचे समूह तयार केले. एका सैद्धांतिक कल्पनेमुळे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत नवे रेणू जन्माला आले, आणि सैद्धांतिक कामाचा याहून मोठा प्रभाव मला सांगता येणार नाही. तरीही सायटेशनच्या मोजणीत स्टोन यांचा असा एक निबंध आणि प्रस्तावनेत रिवाज म्हणून दिलेला संदर्भ दोन्ही एकेकच धरले जातात.

एच-इंडेक्सबद्दल थोडेच पुरे. हर्श यांनी २००५ साली तो सुचवला तेव्हाच एका आकड्यातून व्यक्तीच्या बहुपेडी कामाची केवळ ढोबळ कल्पना येते, असे त्यांनी नोंदवले होते. शिवाय तो प्रसिद्ध निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही, त्यामुळे मोजके पण खोल लिहिणाऱ्याला त्यात मुळातच मर्यादा पडते.

मला अधिक अस्वस्थ करते ती न होणारी सायटेशन. स्फटिकातील शेजारच्या आयनांच्या विद्युतक्षेत्रामुळे धातू-आयनाच्या ऊर्जापातळ्या कशा विभागल्या जातात, हे हान्स बेथे यांनी १९२९ साली दाखवले. आज असेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी धातूच्या पाच डी-कक्षकांची तीन आणि दोन अशी विभागणी काढतो, आणि संयुगांचे रंग व चुंबकत्व समजावताना संशोधकही तीच वापरतात. पण बेथे यांच्या निबंधाचा संदर्भ देण्याची गरज फारच थोड्यांना वाटते. कल्पना सर्वांची झाली की तिचा मूळ उल्लेख गळून पडतो, ही प्रक्रिया समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ओळखून तिला नाव दिले होते. म्हणून जुन्या सैद्धांतिक कामाचा प्रभाव पाहायचा असेल तेव्हा मी सायटेशनच्या यादीसोबत पाठ्यपुस्तकांतील आकृत्याही चाळते, आणि त्या आकृत्या पहिल्यांदा कोणी काढल्या याचा माग घेत मागे जाते.