धावपट्टीखालची विहीर

"तिथं आमची विहीर होती." स्टीअरिंगवरचा हात न काढता ड्रायव्हरदादांनी हनुवटीनंच दाखवलं.

मी बघितलं. सपाट जमीन, कुंपणाची तार, लांबवर उभं असलेलं एक विमान.

"आणि डोंगर?"

"होता ना, उलव्याचा. पाऊस त्याच्याआडून यायचा."

नवी मुंबई विमानतळावरून आज पहिल्यांदाच निघाले. गरज होतीच हो याची. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. इथे पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवाशांची सोय, सगळे टप्पे झाले की ९ कोटी. त्यासाठी डोंगर फोडला, उलवे नदी वळवली, १० गावं उठली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं.

आतले कमळासारखे खांब खूप सुंदर आहेत, मनापासून सांगते. पण विमान धावायला लागलं तेव्हा मी खिडकीतून विहिरीची जागाच शोधत होते.

त्या १० गावांची नावं तुमच्यापैकी कुणाला सगळी येतात का? मला चारच आठवली.