शेवट गोड असला म्हणून काय बिघडलं?

पंचवटीतल्या घरी आजीच्या कपाटात रणजित देसाईंच्या 'स्वामी' कादंबरीची एक जुनी प्रत आहे. पुठ्ठा सुटलाय, पाठीला निळ्या साडीच्या काठाची पट्टी खळीने चिकटवलीय, पानांचे कोपरे दुमडलेत, एका पानावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा पण आहे. आणि माधवराव थेऊरला जातात तिथे एक एसटीचं तिकीट घालून ठेवलंय. त्याच्यापुढची पानं बघितली तर ती कुणी उघडलीच नसावीत असं वाटतं. मी कॉलेजात असताना आजीला विचारलं होतं, पुढचं का नाही वाचलंस, तर म्हणाली, "पुढचं मला ठाऊक आहे गं. तो जातो आणि ती त्याच्यामागे जाते. मला ती दोघं एकमेकांशी बोलतात ना, ते आवडतं. तेवढं वाचते मी."

गेली पंधरा-वीस वर्षं मी प्रेमकथा वाचतेय, अगदी मनापासून, जुन्या काळातल्या पण आणि आजच्या पण, मराठी वाचनालयातून आणते आणि इंग्रजी मोबाईलवर वाचते, सातपूरला कामावर जाताना रिक्षात पण वाचते, आणि इतक्या वर्षांत एकच प्रश्न मला सुटला नाहीये की आपल्याकडे प्रेमाच्या गोष्टीला चांगलं म्हणायला त्यात कुणीतरी मरावंच का लागतं. 'स्वामी' १९६२ची, त्यात माधवराव सत्ताविसाव्या वर्षी जातात आणि रमाबाई सती जातात. 'राऊ' १९७२ची, बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला आणि मागोमाग मस्तानी. ही इतिहासातली माणसं आहेत, त्यांचं मरण काही लेखकांनी ठरवलेलं नाही हे मला कळतं. पण कुणावर लिहायचं हे तर लेखक ठरवतो ना, आणि कुठलं पुस्तक डोक्यावर घ्यायचं हे आपण ठरवतो, आणि आपण दरवेळी ताटातूटच निवडलीय.

इंग्रजीत ज्यांना रोमान्स म्हणतात त्या पुस्तकांचा नियम सरळ आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने व्याख्याच करून ठेवलीय, त्यात अटी दोनच, प्रेमकथा मध्यभागी पाहिजे आणि शेवट समाधान देणारा, उमेद देणारा पाहिजे. ह्या दुसऱ्या अटीवरून लोक नाकं मुरडतात, शेवट आधीच माहिती असेल तर वाचायचं कशाला म्हणतात. अहो, राम जन्मणार हे माहिती असूनच आपण रामनवमीला काळारामाच्या देवळात दुपारी बारापर्यंत उन्हात उभे राहतो की. रहस्यकथेत खुनी सापडणार हे पण माहितीच असतं. पण ह्या पुस्तकांच्या बाबतीतच ते खुपतं. एका वाचनालयात पुस्तक बदलायला गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या हातातली दोन पुस्तकं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, मॅडम, आता जरा चांगलं काहीतरी वाचायला लागा. मी तेव्हा काहीच बोलले नाही आणि ते मला अजून लागतं.

आधी ऐतिहासिक बद्दल बोलते, कारण माझा जीव तिथे जास्त आहे.

चांगल्या ऐतिहासिक प्रेमकथेत नायिकेच्या एका 'हो'ला केवढं वजन असतं बघा. इंग्लंडमध्ये १८८२चा कायदा येईपर्यंत लग्न झालं की बाईच्या नावावरचं बहुतेक सगळं नवऱ्याचं व्हायचं, घटस्फोट जवळजवळ अशक्य, म्हणजे माणूस चुकला तर जन्म गेला. हे डोक्यात ठेवून वाचलं की एखादी मुलगी चांगल्या श्रीमंत स्थळाला नाही म्हणते ना, तिथे पोटात गोळा येतो. जेन ऑस्टिनचं 'पर्सुएशन' मला तिच्या बाकी सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त आवडतं ते ह्याच्यामुळे. अ‍ॅन इलियटने एकोणिसाव्या वर्षी घरच्यांच्या सांगण्यावरून त्या नौदलातल्या मुलाला नकार दिला कारण त्याच्याकडे पैसा नव्हता, आणि आता ती सत्तावीस वर्षांची आहे, तेव्हाच्या हिशोबाने तिचं लग्नाचं वय सरत आलेलं, आणि तो कॅप्टन होऊन पैसा कमावून परत आलाय आणि तिच्याकडे बघत पण नाही. सत्तावीस. आमचे माधवराव ज्या वयात संपले त्या वयात हिला परत एक संधी मिळते. हा योगायोग लक्षात आला त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून नुसती बसले होते.

आणि तारखा बघा. हे पुस्तक ऑस्टिन गेल्यावर १८१७च्या डिसेंबरमध्ये बाहेर आलं. आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये खडकीची लढाई झालेली होती आणि पुढच्या वर्षात पेशवाई बुडाली. त्या पुस्तकात अ‍ॅडमिरलची बायको गप्पांच्या ओघात सहज सांगते की ती एकदा ईस्ट इंडीजला, म्हणजे आपल्या बाजूला, जाऊन आलीय. तिच्यासाठी ते एक वाक्य आहे. नाशकात बसून वाचणाऱ्या माणसाला ते एक वाक्य राहत नाही. म्हणून आजकाल जी रीजन्सी काळावरची, म्हणजे ऑस्टिनच्या वेळच्या इंग्लंडवरची, ढीगभर पुस्तकं निघतात, ज्यात प्रत्येक दुसरा हिरो ड्यूक असतो आणि त्याच्याकडे तीन-तीन वाडे असतात, त्यातल्या एकाही लेखिकेला हा पैसा आला कुठून हे सांगावंसं वाटलं नाही तर माझं मन त्यातून उडतं. उसाच्या मळ्यातल्या गुलामांचा असेल, कंपनीच्या लुटीतला असेल, एखादी ओळ तरी लिहा ना. जॉर्जेट हेयर ही ह्या सगळ्या प्रकाराची आजी म्हणायला हरकत नाही, तिच्याइतके खुसखुशीत संवाद मी दुसरीकडे वाचले नाहीत, पण 'द ग्रँड सोफी'मधला तो ज्यू सावकाराचा प्रसंग आहे ना, तो वाचताना लाज वाटते. पुस्तक १९५०चं आहे, म्हणजे युरोपात ज्यू लोकांचं काय झालं ते सगळ्या जगाला कळून पाच वर्षं झाली होती. तिचं बाकीचं मी आवडीने परत वाचते, तो प्रसंग माफ करत नाही.

आता आपला इतिहास. गंगापूर रोडने ऑफिसला जाताना रोज आनंदवल्ली लागते. आनंदीबाईच्या नावाची आनंदवल्ली, राघोबादादा इथेच येऊन राहायचे. पुढे गंगापूरला माधवरावांच्या आई गोपिकाबाई रुसून येऊन राहिल्या होत्या. म्हणजे ज्या घराण्याच्या प्रेमकथा वाचून महाराष्ट्र रडला त्यातली भांडून निघालेली माणसं सगळी आमच्या रस्त्यावर येऊन राहिली. आणि आनंदीबाई म्हटलं की लोकांना फक्त 'ध'चा 'मा' आठवतो. तिचा आणि राघोबांचा एवढ्या वर्षांचा संसार, त्यातलं प्रेम, त्यातली हाव, एकमेकांना चढवणं, ह्यावर कुणीतरी एक कादंबरी लिहावी की जिच्यात ती राक्षसीण नसेल.

पण पेशवाईत प्रेमकथा लिहायची तर एक मोठी अडचण आहे आणि ती लपवून चालत नाही. मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी व्हायची. तिथे मर्जी कसली आणि होकार कुणाचा. १८९१च्या संमतीवयाच्या कायद्याने वय दहावरून बारा केलं तर केवढा गदारोळ झाला होता, आणि बारा म्हणजे सातवीतली मुलगी हो. त्यामुळे कुणी बालवधूची प्रेमकथा नटवून सजवून लिहिली की मला ती वाचवत नाही, कितीही मोठा लेखक असू दे.

मग काय, आपल्याकडे ऐतिहासिक गोड शेवट जमायचाच नाही का? जमेल, नक्की जमेल, फक्त जागा बदलायला पाहिजे. विधवा पुनर्विवाहाचा काळ घ्या. कायदा १८५६ला झाला तरी लग्न करायची हिंमत फार थोड्यांत होती, आणि १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. दोघंही जाणती, दोघांनीही एकेक संसार गमावलेला, दोघांनाही माहितीये की उद्यापासून गाव पाणी देणार नाही, आणि तरी ती हो म्हणते. ह्याच्यापेक्षा मोठा 'हो' कुठल्या ड्यूकच्या पुस्तकात आहे सांगा मला. त्या काळातली एखादी नाशिकची बाई, केशवपन झालेली, गोदाघाटावर पहाटे पाणी भरायला येणारी, आणि तिच्याशी कुणीतरी पहिल्यांदा नीट माणसासारखं बोलतो. मी ते पुस्तक विकत घेईन, दहा घेईन, वाटीन.

आणि हे रडकं प्रेमच आपली परंपरा आहे असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही, कारण ह्याच गोदावरीच्या काठावर दोन हजार वर्षांपूर्वी गाथासप्तशती झाली. हाल सातवाहनाने गोळा केलेल्या सातशे गाथा, महाराष्ट्री प्राकृतातल्या, म्हणजे आपल्याच मराठीची पणजी. त्यात गोदावरी सारखी येते, काठावरची कुंजं, शेतं, लपूनछपून भेटणारी माणसं, चतुर बायका. एक गाथा मी कधी विसरत नाही. नवरा परगावी गेलाय आणि ती दिवस मोजायला भिंतीवर रेघा मारतेय, आज गेला, आज गेला, आज गेला, असं करत पहिल्या अर्ध्या दिवसातच अख्खी भिंत रेघांनी भरली. बस, एवढंच. कुणी मेलं नाही, कुणी सती गेलं नाही, आणि तरी दोन हजार वर्षं टिकलं.

आजच्या काळातल्या प्रेमकथा लिहायला जास्त अवघड असतात असं माझं मत झालंय. जुन्या काळात समाजच भिंत उभी करून देतो, लेखकाला आयतं मिळतं. आज दोघं सज्ञान, कमावती, खिशात फोन, मग अडलंय कुठे? तर बऱ्याच पुस्तकांत उगाचच अडलेलं असतं. तिने त्याला कुणा मुलीसोबत कॉफी पिताना बघितलं आणि दीडशे पानं बोललीच नाही, शेवटी कळलं की ती बहीण होती. एका फोनने सुटणारी गोष्ट असेल तर मी तिथेच बंद करते पुस्तक. आणि ते अब्जाधीश हिरो, जे नायिकेला न विचारता तिच्या घराचं भाडं भरून टाकतात. हे प्रेम नाही, ही दादागिरी आहे, आणि आपल्या पोरी हे वाचून ह्याला काळजी समजतात तेव्हा मला खरंच भीती वाटते.

मराठीत आजची, मोठ्या माणसांची, गोड शेवटाची प्रेमकथा शोधायला गेलं की हात रिकामेच राहतात, आणि अडथळे काय आपल्याकडे कमी आहेत का! आमच्या दिंडोरी, निफाडकडे जाऊन बघा. बायोडेटात मुलीकडचे लिहितात शेती पाहिजे, आणि तोंडाने सांगतात मुलगा शेती करणारा नको. पस्तिशीला आलेली चांगली शिकलेली, द्राक्षं एक्सपोर्ट करणारी मुलं बिनलग्नाची आहेत. आता समजा अशा एका मुलाचं आणि नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला पासवर जाणाऱ्या एका मुलीचं जमलं. फळछाटणी झाली की तो बाग सोडून हलू शकत नाही, रात्री अवकाळी पाऊस आला तर मोबाईलची बॅटरी लावून घडांवरून हात फिरवत उभा, आणि ती तिकडे पहाटे साडेपाचचा गजर लावून झोपलीय. तो चांगला आहे, ती चांगली आहे, कुणाचा गैरसमज नाही, फोनवर रोज बोलतात, आणि तरी दोघांनी कसं राहायचं हे सुटत नाही. तिने नोकरी सोडली हा गोड शेवट नाही. त्याने बाग विकली हा पण नाही. तो तिसरा रस्ता लेखकाने शोधून काढायचा, त्यासाठी डोकं लावायला लागतं, आणि म्हणूनच गोड शेवट सोपा असतो असं कुणी म्हणालं की मला राग येतो. मारून टाकणं सोपं आहे हो. दोघांना जिवंत ठेवून, दोघांचं स्वतःचं काही न हिरावता एका घरात आणणं अवघड आहे.

ह्या उन्हाळ्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर वाचायचं नाही सांगितलेलं, तर मी रोज संध्याकाळी पंचवटीत जाऊन तिला 'पर्सुएशन' सांगायचे, इंग्रजीतून बघत बघत मराठीत. काळा चष्मा लावून पलंगावर बसायची, मांडीवर लसणाचं ताट, बोटांनी चाचपून सोलायची. अ‍ॅनने नकार दिला तिथे म्हणाली, "घरच्यांचं ऐकलं ना, मग आता भोगा." तो परत येऊन तिच्याशी तुटक वागतो तिथे त्याला शिव्या घातल्या. मग ते शेवटचं आलं, एका खोलीत अ‍ॅन त्याच्या मित्राशी वाद घालतेय की प्रेम जास्त काळ कोण धरून ठेवतं, मित्र म्हणतो सगळी पुस्तकं बायकांना चंचल म्हणतात, आणि ती म्हणते पुस्तकांचं सांगू नका, लेखणी पुरुषांच्या हातात होती. तो कॅप्टन तिथेच टेबलावर काहीतरी लिहीत बसलाय, सगळं ऐकतोय. निघून जातो, मग हातमोजे राहिले म्हणून परत येतो आणि तिच्यासमोर पत्र ठेवून जातो. मी पत्र वाचायला घेतलं तर आजीचे हात थांबले.

पूर्ण वाचून झालं तरी ती काही बोलेना. मग विचारलं, "मग? झालं का लग्न?"

म्हटलं, "झालं."

"दोघं जगली ना पुढे?"

"हो आजी."

"मग ते पत्र वाच परत," म्हणाली, आणि ताट बाजूला सरकवून ठेवलं.