सर्व्हर बंद, मीटर चालू: क्लाउडवरचा जुना प्रकल्प आवरताना

एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेवरचा एक चाचणीचा प्रकल्प आवरायला घेतला, तेव्हा त्यातले सगळे सर्व्हर आधीच 'स्टॉप' केलेले होते. बिल मात्र रोज थोडं थोडं चढत होतं. स्टॉप केल्याने फक्त सर्व्हरचे तास थांबतात. डिस्क आपल्या नावावर राहते आणि तिचे पैसे लागतात, तेही आत डेटा किती आहे त्यावर नव्हे, मागताना किती जीबी मागितली होती त्यावर.

अशा वेळी एकेक सेवा उघडून चाळत बसू नये, बिलाकडून उलटं यावं. कॉस्ट एक्सप्लोररमध्ये (खर्चाचे आलेख दाखवणारं पान) १४ दिवसांचा रोजचा खर्च लावला आणि गट पाडताना 'सर्व्हिस'ऐवजी 'यूसेज टाइप' निवडला. सर्व्हिसनुसार पाहिलं तर डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), नॅट गेटवे (खासगी सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारा दरवाजा) सगळं 'ईसी२-अदर' (ईसी२ म्हणजे सर्व्हरची सेवा) नावाच्या एकाच पोत्यात कोंबलेलं दिसतं. यूसेज टाइपमध्ये प्रत्येकाची ओळ सुटी होते, आणि तिच्या सुरुवातीची अक्षरं बहुतेकदा रीजन, म्हणजे डेटा सेंटर कुठल्या भागातलं ते, सांगतात: 'यूएसई२' म्हणजे ओहायो, 'ईयूसी१' म्हणजे फ्रँकफर्ट. कन्सोलची बहुतेक पानं एका वेळी एकच रीजन दाखवतात. भलत्याच रीजनमध्ये राहिलेली वस्तू म्हणूनच नजरेला पडत नाही.

सगळ्यात जाड ओळ नॅट गेटवेची होती. उत्तर व्हर्जिनियाच्या दराने तासाला ०.०४५ डॉलर, म्हणजे त्यातून एक बाइटही गेला नाही तरी महिन्याला सुमारे ३३ डॉलर. तो डिलीट केला तरी त्याचा इलास्टिक आयपी (राखून ठेवलेला पब्लिक पत्ता) खात्यातच राहतो. 'रिलीज' वेगळं करावं लागतं. १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, वापरात असो वा नसो.

मग डिस्क. सर्व्हर 'टर्मिनेट' केला, म्हणजे कायमचा काढला, की सहसा रूट डिस्क (ज्यावरून तो सुरू होतो ती) जाते, पण मागाहून जोडलेल्या डिस्क तशाच उरतात. व्हॉल्यूमच्या यादीत 'अव्हेलेबल' हा फिल्टर लावला की या बेवारस डिस्क दिसतात. एखादीबद्दल शंका असेल तर आधी स्नॅपशॉट घ्यावा, मग डिलीट करावी. एएमआयचा (नवे सर्व्हर बनवायच्या साच्याचा) स्नॅपशॉट मात्र थेट पुसता येत नाही. आधी एएमआय 'डीरजिस्टर' करावी लागते. बरेच जण तेवढंच करून थांबतात आणि स्नॅपशॉट मागे राहतात.

क्रम चुकला की खरा घोळ होतो. टर्मिनेट केलेला सर्व्हर दोन मिनिटांत पुन्हा उभा राहिला तर मागे ऑटो स्केलिंग ग्रुप (सर्व्हरची ठरलेली संख्या राखणारी व्यवस्था) आहे असं समजा. आधी तो काढा. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणारी प्रणाली) तर लोक हमखास क्लस्टरच, म्हणजे तिचा अख्खा सर्व्हरसमूहच, आधी उडवतात. पण लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वाटणारा) आणि डिस्क काढून टाकणारे कंट्रोलर त्या क्लस्टरमध्येच चालत असतात! क्लस्टर गेला की ते काम करायला कुणी उरत नाही. म्हणून क्लस्टर जिवंत असताना आधी 'लोडबॅलन्सर' प्रकारच्या सर्व्हिस आणि इनग्रेस (बाहेरून येणाऱ्या विनंत्यांचे नियम), मग पॉड (चालू कंटेनर), मग पीव्हीसी (डिस्कची मागणी) काढायचे, ईसी२च्या यादीतून त्या वस्तू खरोखर गेल्याची खात्री करायची, आणि क्लस्टर सगळ्यात शेवटी. डिस्कची रिक्लेम पॉलिसी (पीव्हीसी गेल्यावर तिचं काय करायचं तो नियम) 'रिटेन' असेल तर एवढं करूनही डिस्क राहते. ती हाताने काढावी लागते.

आरडीएस या डेटाबेस सेवेतला डेटाबेस स्टॉप करून निर्धास्त होऊ नका. सात दिवसांनी तो आपोआप सुरू होतो. नको असेल तर डिलीटच करा, आणि हाताने घेतलेले जुने स्नॅपशॉट त्याच्यासोबत जात नाहीत हेही लक्षात ठेवा.

एस३ या फाइल साठवण्याच्या सेवेतली बकेट (फाइलींचं भांडं) रिकामी दिसत असूनही जागा खात असेल तर दोन कारणं बघावीत: व्हर्जनिंगमुळे राहिलेल्या जुन्या आवृत्त्या, किंवा अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी होणारे) अपलोड. हे अपलोड फाइलींच्या साध्या यादीत दिसतच नाहीत. सात दिवसांनी ते रद्द करणारा लाइफसायकल नियम मी आता प्रत्येक बकेटवर लावते.

बजेटचा इशारा जरूर लावा, पण तो फक्त कळवतो. वेगळी अॅक्शन लावल्याशिवाय काहीही बंद करत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास मागे असतात. त्यामुळे आवरून झाल्यावर लगेच आलेखातला शेवटचा खांब बुटका दिसला म्हणून खूश होऊ नये. तो दिवस अजून पूर्ण मोजलेला नसतो. दोन दिवस थांबून तोच यूसेज टाइपचा आलेख पुन्हा उघडावा आणि उरलेली प्रत्येक ओळ कशाची आहे ते सांगता येतं का पाहावं.