"युनियनमुळेच मिला बंद पडल्या ना?" – माझा अनुभव

इंदूरमध्ये दुकानातल्या कामगारांची युनियन करायची म्हटलं की मॅनेजरच्या आधी हे वाक्य आडवं येतं: इथल्या कापड मिला युनियनमुळेच बंद पडल्या ना? आमच्या कपड्यांच्या शोरूममध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ या एका वाक्यापायी गेला. आजही ते कानावर पडलं की माझं डोकं तापतं.

तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच होत्या. स्टॉक मोजताना माल कमी भरला की फ्लोअरवरच्या सगळ्यांच्या पगारातून कापायचे. गिऱ्हाईक नसलं तरी स्टुलावर टेकायचं नाही. सणासुदीत साप्ताहिक सुट्टी गायब. मी "युनियन" हा शब्द बरेच दिवस उच्चारलाच नाही. "तुझे या महिन्यात किती कापले?" एवढंच विचारायची आणि ऐकत राहायची. तेही दुकानात कधीच नाही. तिथे कॅमेरे, आणि कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मॅनेजर. सुटल्यावर पलासियाकडे चालत जाताना, एका वेळी एकीशीच बोलायचं. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचं कायद्यातच घातलं, हे सांगितलं की मुली थांबून पुन्हा विचारायच्या, "खरंच?"

मुली तयार होत गेल्या, पण प्रत्येकीचा शेवट एकच: "काकू काय म्हणतात?"

काकू म्हणजे आमच्या बिलिंगवरच्या सर्वांत जुन्या. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला फोन त्यांना. युनियनच्या अर्जावर त्यांची सही नसेल तर बाकीच्यांच्या सह्या मिळूनही उपयोग नव्हता, आणि काकू ठाम नाही म्हणत होत्या. त्यांचे सासरे इंदूरच्याच, बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. "लाल झेंडे लावले, घोषणा दिल्या, आणि चूल विझली," असं त्या म्हणायच्या. मी कारणं सांगितली: जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, मिलमध्ये पैसा घालायला तयार नसलेले मालक. काकू ऐकून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. त्यातच मॅनेजरला कुठून तरी वास लागला. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याने नेमकं तेच वाक्य म्हटलं, "मिलों का क्या हुआ, पता है ना?" सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. त्या दिवशी तयार असलेल्या दोघी मागे फिरल्या. मला इतका राग आला की रात्री झोप लागली नाही. ज्याला मिलचा भोंगासुद्धा माहीत नाही, तो माणूस काकूंच्या घरचं दुःख आम्हाला घाबरवायला वापरत होता.

मग मी वाद घालणं सोडलं आणि काकूंच्या घरी गेले. विचारलं, सासऱ्यांचे पैसे मिळाले का? मिळाले होते, त्यांच्या मागे, वारसांना. 25 डिसेंबर 2023 ला हुकुमचंदच्या कामगारांच्या थकबाकीचे सुमारे 224 कोटी देण्यात आले, तेव्हा. मी विचारलं, "काकू, तीस वर्षं कोर्टात कोण उभं राहिलं? मालक?" काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "संघटनेचीच माणसं. ह्यांच्याकडून कागद तेच घेऊन गेले होते." मिल बंद पडल्यावरही कामगार एकत्र राहिले म्हणून वारसांच्या हातात काही आलं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. फक्त ते कुणी त्यांना विचारलं नव्हतं. सही त्यांनी लगेच केली नाही, दिवाळी जाऊ दे म्हणाल्या. पण दिवाळीनंतर पहिली सही त्यांचीच होती, आणि मग सह्यांना वेळ लागला नाही. मला त्या सहीचा अभिमान आहे.

पुढे युनियनच्या नोंदणीचा अर्ज सरळ गेला. आमचा अर्ज 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखाली झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे, पण किमान सात सदस्य, आणि कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा लहान तेवढे, हे तसंच आहे. सातवर थांबू नका. ऐन वेळी कोणी नोकरी सोडतं, कोणाची बदली होते. युनियनमध्ये गेली म्हणून काढून टाकण्याची धमकी देणं ही 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही अनुचित कामगार प्रथा होती आणि नव्या संहितेतही आहे. मुलींना हे आधीच सांगा, धमकी आल्यावर नाही.

आमच्यातल्या काहीजणी एजन्सीच्या रोलवर, म्हणजे कागदोपत्री शोरूमच्या नाही तर एजन्सीच्या नोकरीत होत्या. नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर यांचे फोटो प्रत्येकीने स्वतःच्या फोनमध्ये आधीच काढून ठेवावेत, म्हणजे नोकरी कुणाकडे आहे यावर घोळ होत नाही.

कपातीबद्दल एक सांगायचं राहिलं. नुकसान त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल तरच, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घेऊनच पगारातून कापता येतं. 1936 च्या कायद्यात हे होतं, आताच्या वेतन संहितेतही आहे. युनियनच्या पहिल्या पत्रात आम्ही एवढंच लिहिलं, खाली काकूंची सही. त्या महिन्यात कुणाचेच पैसे कापले गेले नाहीत. स्टुलांचं पत्र आता लिहितोय.